मणक्याचं ऑपरेशन झालंय? मग आधी चाला, पोतं नंतर



आज कर्ज नाही, मार्केटिंग नाही, जीएसटीही नाही. आज पाठीबद्दल बोलू. कारण आपल्यातल्या बहुतेकांचा धंदा कंबरेवरच उभा आहे. किराणावाला पोती उतरवतो, केटरिंगवाली ताई भरलेली पातेली उचलते, ऑनलाइन विकणारा दिवसभर वाकून पॅकिंग करतो. मशीन बिघडलं की आपण त्याच दिवशी मेकॅनिक बोलावतो. कंबर बिघडली की बाम लावून ढकलत राहतो.

शेवटी ऑपरेशन होतं. दबलेली नस मोकळी झाली की पायातली कळ बऱ्याचदा लवकर थांबते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माणूस म्हणतो, "आता एकदम ओके!" खरा घोटाळा इथेच होतो. कळ थांबली म्हणजे पाठ भरून आली असं नाही. गादीच्या चकतीची जखम आणि कापलेले स्नायू भरायला कित्येक आठवडे लागतात. स्क्रू घालून मणके जोडले असतील तर हाड जुळायला महिने जातात.

जसप्रीत बुमराहचं बघा. त्याचा त्रास वेगळा होता, पाठीच्या हाडाला ताणाने पडलेली चीर. २०२२ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप हुकला. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या वनडे संघात नाव आलं आणि मालिका सुरू होण्याआधीच मागे घेतलं गेलं. मार्चमध्ये न्यूझीलंडमध्ये ऑपरेशन. ऑगस्टमध्ये तो परतला, पण कुठे? आयर्लंडमधल्या टी-ट्वेंटीत, जिथे चारच ओव्हर टाकायच्या असतात. मग दहा ओव्हरचे वनडे आणि वर्ल्ड कपमध्ये २० विकेट. कसोटी थेट डिसेंबरमध्ये. एवढं करूनही जानेवारी २०२५ मध्ये सिडनीत पाठ पुन्हा धरली, आणि त्या वर्षी इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोट्या खेळायचं आधी ठरवून तो गेला. याला मी कमकुवतपणा म्हणणार नाही. हा हिशोब आहे.

तुम्ही म्हणाल, सर, त्याच्यामागे बोर्ड आहे, फिजिओ आहे. आमच्यामागे फक्त शटर. अगदी बरोबर! म्हणूनच माझं मत असं की आपल्याकडे व्यायामाकडे परतणं हा जितका तब्येतीचा, तितकाच पैशाचा प्रश्न आहे. माणूस चौदाव्या दिवशी पोतं उचलतो ते हौसेने नाही, गिऱ्हाईक तुटेल या भीतीने. ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल तर त्याआधी तीन महिन्यांचा घरखर्च आणि एका मदतनीसाचा पगार बाजूला काढा. मालवाल्याला सांगा, ५० किलोऐवजी २५ किलोच्या गोणी पाठव. एक ट्रॉली घ्या. कमर्शियल सिलिंडरमध्ये १९ किलो गॅस, वर लोखंडाचं वजन. ते हलवणं तुमचं काम नाही, पुढेही नाही.

आणि व्यायाम? सुरुवात चालण्याने. बहुतेक वेळा डॉक्टर एक-दोन दिवसांतच उठवून चालवतात. पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा, सपाट रस्त्यावर. मग हळूहळू वाढवा. सुरुवातीचे आठवडे वाकणं, वजन उचलणं आणि कंबर पिळणं बंद. सूर्यनमस्कार मलाही आवडतात, पण पुढे वाकण्याची घाई नको. पोट आणि पाठीचे व्यायाम फिजिओने समोर करून घेतल्यावरच. मोबाईलवर बघून नाही, माझ्या व्हिडिओत बघूनही नाही!

उलटं टोकही वाईट. काही जण पट्टा बांधून सहा महिने पलंगावर. घरचे कौतुकाने म्हणतात, "उठू नका." स्नायू ढिले पडतात, भीती वाढते, आणि धंदा पुतण्याच्या हातात जातो. गल्ल्यावर बसत असाल तर दर अर्ध्या तासाने उठा. गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं, मी पाहिलंय.

आणि हे कागदावर लिहून गल्ल्याजवळ चिकटवा, घरच्यांनाही सांगून ठेवा: पायातली ताकद कमी होत चालली, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर दुकान बंद करायचीही वाट बघू नका. त्याच तासाला दवाखाना. ताप आला किंवा टाक्यांतून पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन.