मोटर बंद करण्याआधी व्हॉल्व्ह फिरवा

नळयोजनांची अंदाजपत्रके करणारे अभियंते, सरपंच आणि ग्रामसेवक यांना,


बल्लारपूर तालुक्यातल्या एका गावात ऐन मे महिन्यात पाच दिवस नळ कोरडे होते. विहिरीत पाणी होते, मोटर धड होती. फुटला होता विहिरीवरून टाकीकडे जाणारा पाइप, तोही त्याच जोडावर तिसऱ्यांदा. ‘पाइपच हलका’ म्हणत नवा तुकडा बसवला. दुरुस्तीनंतर मी पंपघरात उभा असतानाच विजेची लाईन गेली. मोटर थांबली, क्षणभर काहीच नाही, आणि मग एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) असा आदळला की पाइप जागच्या जागी उसळला आणि भिंतीचे प्लास्टर खाली आले.

मोटर थांबली तरी चढावर निघालेले पाणी लगेच थांबत नाही. ते पुढे सरकते, मागे दाब पडतो, मग पाणी उलटे फिरून बंद एनआरव्हीवर आपटते. याचे गणित रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी 1898 मध्येच मांडले आहे. सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी एकदम अडले, तर लोखंडी पाइपात दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे 10 किलोने वाढतो, पीव्हीसीत 3 ते 4 किलोने. सहा किलोच्या पाइपात आधीच चार किलोचा दाब असेल, तर उरले काय? आणि दाब पडतो त्या क्षणी ढिल्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. गावात जुलाब सुरू झाले की आपण टाकीत ब्लिचिंग टाकतो, जोड मात्र तसाच राहतो.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातले महाऔष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॅटचे. तरी खेड्यात लाईन दिवसातून अनेकदा जाते. ती येताच ऑटो स्विच मोटर उचलतो, तेव्हा आतले पाणी अजून हेलकावत असते. त्या स्विचला काही मिनिटांचा टायमर लावा. पंपचालकाला शिकवा: सुरू करताना व्हॉल्व्ह थोडाच उघडा ठेवून मग हळूहळू उघडायचा, बंद करताना आधी व्हॉल्व्ह सावकाश आवळायचा, मग स्टार्टर. या शिकवणीला एक रुपयाही लागत नाही.

अचानक लाईन गेली तर मात्र माणसाचा हात पोचत नाही. सॉफ्ट स्टार्टर चांगला, पण वीजच नसेल तर तोही काही करू शकत नाही. तिथे उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह, पाणी उलटण्याआधीच मिटणारा एनआरव्ही आणि लांब पाइपलाईनवर हवेची टाकी लागते. अंदाजपत्रकात काटछाट होते ती नेमकी याच वस्तूंची, आणि हे मला चूक वाटते. 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाण्याचे वचन दिले आहे. फुटक्या पाइपलाईनीतून ते कसे पोचणार?

पुढच्या मंजुरीआधी या दाबाचा हिशेब कागदावर मागा. आणि पाइप पुन्हा त्याच जोडावर फुटला, तर नवा तुकडा बसवण्याआधी पंपचालकाला विचारा, लाईन किती वाजता गेली होती?

आपला,
तालुक्यातील एक नळधारक