दुर्बिणीची किंमत आणि पक्ष्याची ओळख

पक्षिनिरीक्षणासाठी दुर्बीण घेऊ पाहणाऱ्या नवख्या माणसाला जाणत्यांकडून एक सल्ला हमखास मिळतो, तो असा की दुर्बीण ही आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू असल्यामुळे ती ऑस्ट्रियन किंवा जर्मन बनावटीची, सर्वोत्तम अशीच घ्यावी आणि तेवढे पैसे साठेपर्यंत थांबावे. किंमत ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात पक्षी अधिक स्पष्ट दिसतो आणि अधिक ओळखता येतो, हे या सल्ल्यामागचे गृहीतक आहे. दहा-बारा हजारांची दुर्बीण आणि दोन लाखांहून अधिक किमतीची दुर्बीण यांत फरक असतो, हे कोणी नाकारत नाही. परंतु तो फरक नेमका कशात असतो आणि त्यातला किती भाग निरीक्षकाच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो, हे तपासून पाहिल्यास हे गृहीतक टिकत नाही. ज्या छंदाला सकाळची दोन तास सवड आणि गावाबाहेरचा एखादा पाझर तलाव एवढे पुरते, त्याच्या दाराशी दोन लाखांचा उंबरठा बांधणे हा त्या छंदावर आणि तो जोपासू पाहणाऱ्या मुलांवर अन्याय आहे.

दुर्बिणीवर ‘८×४२’ असे जे आकडे कोरलेले असतात, त्यांतला पहिला आकडा पक्षी किती पट जवळ दिसेल ते सांगतो आणि दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा, व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की ५.२५ ही संख्या येते, आणि नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास तेवढे मिलिमीटर असतो. दुर्बीण हातभर दूर धरून उजळ आभाळाकडे रोखली, तर नेत्रिकेच्या मधोमध हा झोत लहानशा तेजस्वी चकतीसारखा दिसतो. आता भर उन्हात माणसाच्या डोळ्याची बाहुली दोन ते तीन मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते. त्यामुळे सव्वापाच मिलिमीटरच्या झोताचा मधला भागच तेवढा डोळ्यात शिरतो आणि बाकीचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. हे दोन लाखांच्या दुर्बिणीलाही चुकत नाही. दिवसाच्या निरीक्षणात महाग दुर्बीण ‘अधिक प्रकाश देते’ हे विधान म्हणूनच फारसे अर्थपूर्ण नाही.

संधिप्रकाशाचे काय, असा प्रतिप्रश्न यावर केला जातो आणि तो रास्त आहे, कारण अंधारू लागले की बाहुली विस्फारते आणि पूर्ण झोत उपयोगी पडतो. उत्तम दुर्बीण आत शिरलेल्या प्रकाशापैकी सुमारे ९० ते ९२ टक्के प्रकाश पुढे सोडते. बऱ्यापैकी स्वस्त दुर्बीण समजा ८५ टक्के सोडत असेल. या दोहोंतला फरक आठ टक्क्यांच्या आसपास येतो. पण सूर्यास्तानंतरच्या वीस-बावीस मिनिटांत आभाळातला उजेडच सुमारे शंभरपटीने घटतो. नांदूर मध्यमेश्वरच्या बांधावर बसलेल्या निरीक्षकाला वेळूच्या बेटात उतरणारे पक्षी महाग दुर्बिणीतून ज्या क्षणापर्यंत दिसतील, त्याच्या मिनिटभर आधीपर्यंत ते स्वस्त दुर्बिणीतूनही तितकेच दिसलेले असतील. प्रकाशाच्या नावाखाली लाखभर रुपये मोजणाऱ्याला मिळते ते हे एवढे मिनिट.

काचेचा इतिहासही या गृहीतकाच्या विरोधातच साक्ष देतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो, आणि दुर्बिणीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. म्हणजे लेप नसलेल्या जुन्या दुर्बिणीत एकतृतीयांशाहून अधिक प्रकाश वाटेतच हरवत असे. हे परावर्तन रोखणारा लेप अलेक्झांडर स्माकुला यांनी झाइस कंपनीत १९३५ साली सिद्ध केला, आणि तो सर्वसामान्यांच्या दुर्बिणीत सर्रास दिसू लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या पक्षिशास्त्राचा पाया ज्या काळात घातला गेला त्या काळातली दुर्बीण आजच्या दहा हजारांच्या दुर्बिणीपुढेही मंद ठरली असती, हे मान्य करावे लागते. बहुस्तरीय लेप आज स्वस्त दुर्बिणीतही मिळतो, आणि गेल्या काही दशकांत कमी किमतीच्या दुर्बिणी इतक्या सुधारल्या याचे मोठे कारण तेच आहे.

येथपर्यंतच्या युक्तिवादावरून कोणी उलट टोकाला जाऊन ‘सगळ्या दुर्बिणी सारख्याच, जास्तीचे पैसे केवळ नावाचे’ असे म्हणू लागला, तर ते मतही तितक्याच ठामपणे नाकारले पाहिजे. भिंगांमधून उलटी पडणारी प्रतिमा सुलटी करण्यासाठी दुर्बिणीत लोलक, म्हणजे प्रिझम, बसवलेले असतात आणि त्यांच्या रचनेवरून दुर्बिणीच्या दोन जाती पडतात. इग्नात्सिओ पोरो या इटालियन अभियंत्याने १८५४ साली ज्या रचनेचे पेटंट घेतले तिच्यात दुर्बिणीचा आकार खांदे असलेला, रुंद होतो. दुसऱ्या, छपरी लोलकाच्या रचनेत नळ्या सरळ आणि सुटसुटीत राहतात. मात्र छपरी लोलकात प्रकाशाचे दोन भाग होऊन पुन्हा एकत्र येताना त्यांच्या लहरी किंचित मागेपुढे होतात आणि पिसांवरच्या बारीक रेघा पुसट होतात. हा दोष घालवणारा लेप, ज्याला फेज कोटिंग म्हणतात, १९८८ साली झाइसने प्रथम आणला. हा लेप नसलेली छपरी दुर्बीण कितीही देखणी असली तरी घेऊ नये. पोरो रचनेला या लेपाची गरजच नसते, आणि म्हणून सात-आठ हजारांत मिळणारी साधी पोरो दुर्बीण त्याच किमतीच्या छपरी दुर्बिणीपेक्षा बहुधा सरस प्रतिमा देते. दुकानदार हे क्वचितच सांगतात, कारण ग्राहकाची नजर सडपातळ नळ्यांवर असते.

महाग दुर्बिणीचे खरे श्रेय प्रकाशात नसून दृष्टिक्षेत्रात, कडेपर्यंत टिकणाऱ्या स्पष्टतेत आणि उजेडासमोर पाहताना न फिकटणाऱ्या रंगांत आहे. स्वारोव्स्कीच्या एनएल प्युअर या ८×४२ दुर्बिणीतून एक हजार मीटरवर १५९ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. स्वस्त दुर्बिणीत तो सव्वाशे मीटरच्या आसपास असतो. रुंदीतला हा फरक थोडा वाटला तरी क्षेत्रफळाच्या हिशेबाने तो दीडपटीहून अधिक भरतो, आणि भिगवणला उजनीच्या पाणपसाऱ्यावर उठलेला थवा मोजणाऱ्याला त्याचे मोल पुरेपूर कळते. तसेच टिलव्यांचे. चिखलात टिपत फिरणाऱ्या छोट्या टिलव्याचे पाय काळे आणि टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर असतात. समोरून ऊन आणि खाली चकाकणारे पाणी असताना हा रंग स्वस्त दुर्बिणीत करडा होऊन जातो आणि उत्तम दुर्बिणीत शाबूत राहतो. पण पायांना चिखल माखलेला असेल, तर कोणतीही काच मदतीला येत नाही. तिथे पाठीची पिसे, चाल आणि आवाजच ओळख पटवतात. हिवाळ्यात येणाऱ्या पर्णवटवट्यांच्या बाबतीत तर कानच आधी कामाला येतात. ही समज हजार सकाळी घालवून येते, आणि त्या सकाळी सुरू व्हायला हाताशी असलेली दुर्बीण लागते.

स्वस्त दुर्बिणीने डोळे बिघडतात, हा आक्षेप एका दोषापुरता खरा आहे. दोन्ही नळ्या एकमेकींना अचूक समांतर नसल्या, तर मेंदूला दोन प्रतिमा ओढून जुळवाव्या लागतात. डोळे बिघडत नसले तरी अर्ध्या तासात कपाळ दुखू लागते. दुकानाबाहेर उभे राहून दूरच्या विजेच्या खांबावर दुर्बीण रोखावी आणि ती डोळ्यांपासून हळूहळू चार बोटे मागे न्यावी. खांबाच्या आडव्या पट्टीची दोन चित्रे वरखाली सरकलेली दिसली, तर ती दुर्बीण परत द्यावी. लाल-केशरी चकाकणाऱ्या भिंगांची किंवा शंभराच्या वरचे वर्धन छापलेली दुर्बीण हातातही घेऊ नये.

मग घ्यावे काय? बहुतेकांसाठी आठपट वर्धन दहापटीपेक्षा श्रेयस्कर आहे, कारण दहापटीत हाताचा कंपही दहापट होतो आणि पानाआड हलणारा नवरंग सापडण्याआधीच निसटतो. चष्मा असेल तर नेत्रिकेपासून किमान पंधरा-सोळा मिलिमीटर अंतरावर पूर्ण चित्र दिसले पाहिजे. ही सोय नसलेली दुर्बीण चष्मेवाल्याला अर्धीच दिसते. कोकणात पावसाळ्यात तिबोटी खंड्या पाहायला जाणाऱ्याने नायट्रोजन भरलेली, जलरोधक दुर्बीणच घ्यावी, कारण आत शिरलेल्या दमटपणाने भिंगांवर बुरशी धरते आणि तिथे पोरो रचनेचा स्वस्तपणा महागात पडतो. या गोष्टी जमल्यावर हाती वीस-तीस हजार असतील तर ईडी काचेची दुर्बीण घ्यावी. ही काच निरनिराळ्या रंगांचे किरण जवळजवळ एकाच बिंदूवर आणते, त्यामुळे पांढऱ्या आभाळापुढे तारेवर बसलेल्या कोतवालाच्या काळ्या कडेला जांभळी किनार दिसत नाही. त्यापुढचा खर्च रोज चार-पाच तास दुर्बीण डोळ्याला लावून बसणाऱ्याने खुशाल करावा. त्याला तो फळतो.

शाळांना आणि निसर्गमंडळांना मात्र हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा लागेल. एका उत्कृष्ट दुर्बिणीच्या पैशांत पंधरा-वीस चांगल्या दुर्बिणी येतात, आणि त्या निवडताना किमतीआधी एक माप पाहिले पाहिजे, ते म्हणजे दोन नेत्रिका एकमेकींच्या किती जवळ येतात. पुष्कळ दुर्बिणींत हे अंतर ५६ मिलिमीटरच्या खाली जात नाही, तर आठ-नऊ वर्षांच्या पुष्कळ मुलांच्या बाहुल्यांतले अंतर त्याहून कमी असते. अशा मुलाला कितीही महाग दुर्बीण दिली तरी त्याला एका वेळी एकाच डोळ्याने पाहावे लागते, आणि ‘काही दिसत नाही’ असे म्हणून ते दुर्बीण पुढच्या मुलाच्या हाती देऊन टाकते.