दिसत नाहीं, म्हणून नाहीं काय ?

परंडा तालुक्यांतील एका गृहस्थांचें पत्र आलें आहे. घरांतील लॅपटॉप सात-आठ वर्षांचा. विंडोज १० साठीं नेहमींच्या मोफत दुरुस्त्या देणें मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविलें, आणि विंडोज ११ त्या यंत्रास चालत नाहीं. म्हणून पुतण्यानें लिनक्स घालावयाचें ठरविलें. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू झालें, त्यानें भाषा विचारली, घड्याळ विचारलें, आणि जागा निवडावयाची वेळ आली तों यादींत हार्ड डिस्कच नाहीं ! थोरल्या काकांचे शेतीचे हिशेब, घराण्याची वंशावळ, तीन लग्नांचीं छायाचित्रें, सर्व तींत. "डिस्क गेली काय ?" असें ते विचारतात.

पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हां सुरू करावें. विंडोज पूर्ववत् उघडलें, तर डिस्क जागच्या जागीं आहे. न दिसण्यावरून नसणें केव्हां ठरवावें, याचा आपल्या दर्शनकारांनीं मोठ्या बारकाईनें विचार केलेला आहे. भाट्ट मीमांसक व अद्वैती अनुपलब्धि हें सहावें प्रमाण मानतात खरे. पण वस्तु असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिति असेल तरच. अंधाऱ्या खोलींत घागर दिसली नाहीं, एवढ्यावरून ती नाहीं असें म्हणतां येत नाहीं. ईश्वरकृष्णानें तर सांख्यकारिकेंत असलेली वस्तु न दिसण्याचीं आठ कारणें मोजलीं आहेत. त्यांपैकीं व्यवधान, म्हणजे मध्यें आडोसा असणें, हें येथें बहुधा लागू पडतें.

या वयाच्या पुष्कळ लॅपटॉपांत इंटेलची 'रॅपिड स्टोरेज' नांवाची व्यवस्था कारखान्यांतूनच चालू करून दिलेली असते. बायॉसमध्यें ती बहुधा 'रेड' या नांवानें दिसते. एन्-व्ही-एम्-ई जातीची डिस्क या व्यवस्थेच्या पडद्याआड बसते. विंडोजजवळ पडदा उचलणारा ड्रायव्हर असतो; लिनक्स पडद्यापुढेंच थांबतें. मौज अशी कीं, तें अगदींच आंधळें नसतें. टर्मिनल उघडून 'डी-मेस्ज' ही आज्ञा दिली, तर लांबलचक नोंदींत पुष्कळदां एक ओळ सांपडते : अशी डिस्क आढळली आहे, बायॉस 'रेड'वरून 'ए-एच्-सी-आय'वर न्यावें. साक्षीदार आपण होऊनच सांगतो आहे !

उपाय एका शब्दाच्या बदलाचा आहे. पण तो घाईनें केला तर विंडोजच उघडेनासें होतें, आणि मग घरांत खरा आकांत होतो. म्हणून आधीं विंडोजमध्यें बसून सर्व कागदपत्रें दुसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर उतरवावीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर-उमरगा भागांत घरें कोसळलीं. एकाच ठिकाणीं ठेवलेल्या दप्तराचें काय होतें, हें आपल्या जिल्ह्यास कोणीं सांगावयास नको. बिटलॉकरचें कुलूप असल्यास त्याची किल्ली, म्हणजे तो अठ्ठेचाळीस आंकडी क्रमांक, वहींत उतरून घ्यावा. मग विंडोजला पुढील वेळीं 'सेफ मोड'मध्यें उघडण्यास सांगून यंत्र बंद करावें, बायॉसमध्यें 'ए-एच्-सी-आय' करावें, आणि विंडोज एकदां उघडूं द्यावें. तें नवा ड्रायव्हर आपण होऊन घेतें. त्यानंतर 'सेफ मोड' काढून टाकावा आणि पेन ड्राइव्ह लावावा. बहुतेक वेळां डिस्क यादींत हजर होते.

आतां समानाभिहार, म्हणजे सारख्यांत सारखें मिसळणें. हें कारण मला सर्वांत धोक्याचें वाटतें. खरी डिस्क लपलेली असतां यादींत एकच नांव दिसतें, 'एस्-डी-ए'. आणि तो असतो पेन ड्राइव्ह! खरी डिस्क प्रकट झाल्यावर तिचें नांव 'एन्-व्ही-एम्-ई'नें सुरू होतें. 'एल्-एस्-बी-एल्-के' ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, मध्यें जागा न सोडतां दिली कीं, सर्वांचीं नांवें व मापें समोर येतात. नांवापेक्षां माप पाहावें. ५१२ जीबी म्हणून विकलेली डिस्क तेथें सुमारें ४७७ दिसते. त्यांत कांहीं चोरी झालेली नाहीं, मोजण्याची रीत निराळी आहे.

बायॉसच्या स्वतःच्या यादींतहि डिस्क नसेल, तर मात्र लिनक्सला बोल लावूं नये. जुन्या मेजावरच्या संगणकांत वीज पूर्ण काढून डिस्कची केबल दोन्ही टोकांस नीट बसवून पाहावी. डिस्क टकटक आवाज करीत असेल, तर पुनः पुन्हां चालू करून पाहण्याचा मोह टाळून ती जाणकाराकडे न्यावी.

ईश्वरकृष्णाच्या यादींत मन ठिकाणावर नसणें हेंहि एक कारण आहे. तें पुतण्यास लागू आहे कीं काय, हें मला येथून कळत नाहीं. विंडोज ठेवावयाचें असल्यास 'शेजारीं बसवा' हा पर्याय घ्यावा. 'संपूर्ण डिस्क पुसा' हा नव्हे. लॅपटॉप विजेस जोडलेला असावा. आणि शेवटचें बटण दाबण्यापूर्वीं थोरल्या काकांना जवळ बोलावून, बाहेरच्या डिस्कवरची वंशावळ व हिशेब दुसऱ्या यंत्रावर उघडतात कीं नाहीं, हें त्यांच्या डोळ्यांनीं पाहूं द्यावें.