कोंबडीच ती, म्हणून सोडून देऊ नका

पहाटे अंगणात एकदम कलकलाट होतो. दार उघडून बघावे तर कुत्रे पळताना दिसते, पिसे विखुरलेली असतात आणि अंड्यावर आलेली कोंबडी भिंतीच्या कोपऱ्यात मान टाकून बसलेली असते. वस्तीत हे नवे नाही. कधी कुत्रे, कधी बोका, कधी मुंगूस. आणि शेजारून सल्लाही ठरलेला: "कोंबडीच हाय ती. मरायच्या आत काप आन् कालवण कर."

या सल्ल्याला माझा विरोध आहे. आधी पैशाचे बोलू. गावरान कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते, शिवाय खुडूक बसून पिलेही काढते. दिवसभर विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या बाईच्या हातात नवऱ्याला न विचारता खर्च करता येईल असा पैसा फार थोडा असतो. पोराची वही, म्हातारीचे औषध, पाहुण्यापुढे ठेवायचे अंडे, हे सगळे त्या खुराड्यातून निघते. पैसेवाल्याची गाय आजारी पडली तर डॉक्टर घरी येतो. आपली कोंबडीही आपली पुंजीच आहे. ती वाचवायचा प्रयत्न करण्यात लाज कसली?

दुसरे कारण आरोग्याचे. शिजवल्यावर जंतू मरतात हे खरे. पण धोका असतो तो पिसे काढताना आणि साफ करताना. चावणाऱ्या जनावराची लाळ त्या जखमांत असते आणि काम करणाऱ्या बाईच्या हातावर बारीक चिरा असतातच. कुत्रे पिसाळलेले होते की नाही हे पहाटेच्या अंधारात कोणाला कळणार? म्हणून चावलेली किंवा चावून मेलेली कोंबडी चुलीवर चढवू नये. मेली असेल तर खोल खड्डा करून पुरावी. गरिबाच्या घरी हे जिवावर येते, हे मला माहीत आहे. तरीही सांगते.

आता जखमी कोंबडीचे काय करायचे? हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा आणि तिला उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा डालग्याखाली, अंधारात ठेवा. अंधारात ती शांत होते. इतर कोंबड्यांत सोडू नका. रक्त दिसले की त्या टोचून टोचून जखम वाढवतात. थंडीत उबेची सोय करा. मात्र आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बल्ब लावू नका, सावलीत हवेशीर ठेवा. कोंबडीचे अंग मुळातच 41-42 अंश गरम असते, त्यामुळे हाताला कढत लागले म्हणजे ताप आला असे नाही.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके पाच मिनिटे दाबून धरा. मग पिसे बाजूला करून सगळे अंग तपासा. कुत्र्याचा दात वरून बारीक छिद्रासारखा दिसतो, पण आत खोल गेलेला असतो. जखमेभोवतीची पिसे उपटू नका, कात्रीने कापा. अर्धा लिटर पाणी उकळून थंड करा, त्यात छोटा सपाट चमचा मीठ घाला आणि त्या पाण्याने जखम भरपूर धुवा. नंतर मेडिकलमधले पोव्हिडोन आयोडीन पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावा. दिवसातून दोनदा एवढे करा.

काय करू नये, तेही ऐका. रॉकेल, फिनेल, चुना, राख यांनी मांस जळते नाहीतर घाण आत अडकते. न धुतलेल्या जखमेवर हळद थापली तरी तेच होते. छातीवर घट्ट पट्टी बांधू नका. कोंबडीचे छातीचे हाड खालीवर झाले तरच तिला श्वास घेता येतो, बांधले की ती गुदमरते. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. चोचीचे टोक पाण्यात बुडवा, ती स्वतः पिईल. घरातल्या माणसाच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच देऊ नका.

मान फाटून खाल्लेले दाणे बाहेर येत असतील, जखमेत अळ्या पडल्या असतील, बोक्याने चावले असेल, पाय लोंबत असेल किंवा ती दिवसभर पाण्याला शिवली नसेल, तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. बोक्याच्या दातातले जंतू पक्ष्याला लवकर मारतात, त्यावर डॉक्टरांचेच औषध लागते. औषध चालू असताना अंडी आणि मांस किती दिवस खायचे नाही, हे तिथेच विचारून घ्या. वाचणारच नसेल तर तसे डॉक्टर सांगतील. तेव्हा तिला तडफडत न ठेवणे हीच माया.

एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. कोंबडी सोडवताना कुत्रे, मांजर किंवा मुंगूस तुम्हाला चावले, नुसते ओरखडले, तरी कोंबडी बाजूला ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जा. पिसाळी रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर वाचतो. मिरची बांधणे, मंत्र घालणे यात एक तासही घालवू नका. पोरांना हे आजच सांगून ठेवा, कारण कोंबडीमागे आधी धावते ते पोर.

शेवटी मूळ दुखण्याकडे येऊ. षटकोनी पातळ जाळी कुत्रे दाताने फाडते. अर्ध्या इंचाची वेल्डची जाळी घ्या, कडेने जमिनीत वीतभर गाडा, वर दगड रचा आणि दिवेलागणीला खुराडे बंद करा. एवढे आपल्या हातात आहे. पण वस्तीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग दिवसेंदिवस पडून राहिला तर कुत्री येणारच. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही 2023 च्या नियमांनुसार महापालिकेची जबाबदारी आहे. कुत्र्यांना विष घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे, आणि तो गुन्हाही आहे. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत दोन अर्ज लिहा, एक कचऱ्याचा आणि एक कुत्र्यांच्या लसीकरणाचा. सह्या घ्या, पोच घ्या आणि ती पोच जपून ठेवा.