चाकांवरल्या घराची शाकारणी

“गाडी धुणे हा काय लेखाचा विषय झाला?” वार्षिकासाठी मी काय लिहिते आहे हे कळल्यावर एका मैत्रिणीने विचारले. साहित्य आहे, बेकारी आहे, परीक्षापद्धती आहे, झालेच तर हुंडा आहे. ते सारे सोडून अमेरिकेतल्या सहलीच्या गाड्या कशा धुतात आणि त्यांना मेण कसे लावतात यात कलाशाखेच्या विद्यार्थिनीने डोके का घालावे? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, जे काम आपण विचार करण्याच्या लायकीचे समजत नाही ते करणाऱ्या माणसालाही आपण हळूहळू तसेच समजू लागतो, आणि हे मला धोक्याचे वाटते.

प्रथम ही गाडी काय चीज आहे ते सांगते. अमेरिकेत तिला ‘आर. व्ही.’ म्हणतात. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, पाण्याची टाकी. मोठ्या गाडीची लांबी तीस ते चाळीस फूट, रुंदी साडेआठ फूट, उंची बारा फुटांच्या घरात. आपली एस. टी. बस डोळ्यांपुढे आणावी आणि तिच्यात एक बिऱ्हाड थाटावे, म्हणजे झाले. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट व आसपासचा मुलूख हे या धंद्याचे माहेरघर.

एवढ्या मोठ्या अंगाची कातडी मात्र नाजूक असते. पुष्कळ गाड्यांच्या भिंती फायबरग्लासच्या असून त्यांवर ‘जेलकोट’ नावाचा राळेचा तकतकीत थर दिलेला असतो. छपरावर बहुधा रबराची चादर चिकटवलेली असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी जेलकोट निस्तेज होत जातो. हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी भुकटी लागते. छपरावरचा मळ पावसाबरोबर भिंतींवरून ओघळतो आणि काळ्या रेघा सोडून जातो. पुढच्या भागावर हमरस्त्यातले किडे चिरडून वाळतात, ते वेळीच काढले नाहीत तर रंग खातात. मेणाचा थर हे सारे स्वतःवर घेतो आणि काही महिन्यांत झिजून जातो. मग तो पुन्हा द्यायचा.

धुण्याचीही एक रीत आहे, आणि ती वाचताना मला आजीची स्वयंपाकघरातली शिस्त आठवली. गाडी सावलीत उभी करावी, कारण तापलेल्या भिंतीवर साबण वाळून डाग धरतो. आरंभ छपरापासून करावा, नाहीतर वरचा मळ धुतलेल्यावर उतरतो. छपराच्या रबराला पेट्रोलियमपासून केलेली द्रावणे लावू नयेत. रबर खराब होते. बादल्या दोन घ्याव्यात, एक साबणाची आणि एक फडके खळबळून काढण्याची, म्हणजे फडक्यातली रेती पुन्हा भिंतीवर घासली जात नाही. भांड्यांचा साबण वापरू नये, तो मळाबरोबर आधीचे मेणही नेतो. फ्रिजच्या मागे बाहेरच्या अंगाला झरोके असतात, त्यांत पाण्याचा फवारा मारू नये. सारे कोरडे झाले की हातभर जागेवर मेण चोळायचे, ते धुरकट दिसू लागले की मऊ कापडाने पुसून काढायचे, आणि हातभर पुढे सरकायचे. अशी चाळीस फुटांची एक बाजू, मग दुसरी, तीही शिडीवर चढून. दिवस कसा जातो ते कळत नसेल!

या साऱ्यात चकाकी हा मला दुय्यम लाभ वाटतो. छपराच्या कडेला, झरोक्यांभोवती, दिव्यांच्या बुडाशी जे सांधे असतात ते एका लवचीक लुकणाने बुजवलेले असतात. उन्हाने त्याला केसाएवढी चीर जाते, तिच्यातून पाणी आत शिरते, आतले प्लायवूड कुजते आणि भिंतीला फुगवटा येतो. तो फुगवटा दिसू लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ती केसाएवढी चीर दुरून दिसत नाही. हातात फडके घेऊन सांध्यावरून हात फिरवणाऱ्यालाच ती सापडते. कोकणात पावसाच्या तोंडावर घर शाकारतात ते केवळ कौले नीट बसवण्यासाठी नव्हे. कौले उतरवली की कुठला वासा कुजला, कुठे वाळवी लागली हे समजते. भुई सारवणाऱ्या बाईला घूस कुठे उकरते आहे ते घरात सर्वांआधी कळते. (शाकारणीला निदान चार माणसे जमतात, सारवणाकडे कोणी वळूनही पाहत नाही. असो.)

हा श्रीमंतांचा चोचला आहे असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २००८ च्या मंदीनंतर घरभाडे आणि कर्जाचे हप्ते न झेपल्याने अमेरिकेतली कितीतरी वयस्क माणसे गाडीतच राहू लागली आणि हंगामी कामांच्या मागे गावोगाव फिरू लागली. जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ हे २०१७ चे पुस्तक त्यांच्याविषयीच आहे. २०२० मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. अशा बाईच्या गाडीचे छप्पर गळले तर तिची सहल नव्हे, घरच जाते. तिने लावलेल्या मेणाला चैन कसे म्हणावे?

ही गाडी बहुधा ज्याची तोच धुतो. नोकरीतून निवृत्त झालेला गृहस्थ शिडीवर चढून छप्पर घासतो आणि त्याला कोणी हसत नाही. याचे श्रेय सगळेच सद्गुणाला देऊ नये, तिकडे मजुरी महाग आहे! तरीही फरक उरतोच. आमच्या कॉलनीत पहाटे एक माणूस बादली घेऊन येतो आणि दहा-बारा गाड्या पुसून जातो. कोणत्या गाडीला नवा ओरखडा गेला हे त्याला मालकाच्या आधी ठाऊक असते. मालकांपैकी किती जणांना त्याचे आडनाव ठाऊक असेल? श्रमप्रतिष्ठेवर आपण राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात भाषणे ऐकतो, निबंध लिहून बक्षिसेही मिळवतो. भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हटले ते निबंधासाठी नव्हते.

इथवर मी त्या शिडीवरल्या गृहस्थाची बाजू घेतली. पण त्याच्या डब्यातले मेण आले कोठून? अशा डब्यांवर ‘कार्नाउबा’ हे नाव मोठ्या अभिमानाने छापतात, जरी आज पुष्कळ डब्यांत कृत्रिम द्रव्यांचीही भर असते. कार्नाउबा हा ईशान्य ब्राझीलमधला माड-ताडाच्या कुळातला वृक्ष. सेआरा, पिआउई या कोरड्या प्रांतांत तो होतो, आणि उन्हात ओल टिकावी म्हणून आपल्या पानांवर मेण धरतो. म्हणजे जे काम तो स्वतःसाठी करतो तेच आपण त्याच्याकडून गाडीसाठी करून घेतो. हे मेण साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळते. नैसर्गिक मेणांत इतके कठीण मेण क्वचितच. १९३५ साली अमेरिकेतील मेणाचे कारखानदार हर्बर्ट जॉन्सन या झाडाच्या शोधात विस्कॉन्सिनहून विमानाने थेट ब्राझीलला गेले होते.

लांब काठीला कोयता बांधून मजूर उंचावरची पाने तोडतात. देठ काटेरी असतात. पाने उन्हात वाळवून, झोडून त्यांची भुकटी काढतात आणि ती वितळवून मेण करतात. या कामावरच्या मजुरांना पिण्याचे शुद्ध पाणी नाही, शौचालय नाही, झोपणे उघड्यावर, अशी स्थिती ब्राझीलच्या सरकारी निरीक्षकांना वारंवार आढळली, आणि ‘गुलामगिरीसदृश’ ठरवून त्यांनी मजुरांची सुटकाही केली. २०१७ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीने हे दाखवले तेव्हा युरोपात गवगवा झाला, कारण हेच मेण मुलांच्या गोळ्यांनाही चकाकी आणते. स्वतःची गाडी स्वतः धुणारा माणूस स्वावलंबी खरा, पण त्याचे स्वावलंबन त्या डब्याच्या झाकणापाशी संपते. त्याने मेण लावूच नये असे मी म्हणत नाही. ते कोणी काढले, काय मजुरीत काढले, हे विकणाऱ्याला विचारण्याची त्याला लाज वाटू नये, एवढेच म्हणते.

दुसरा हिशेब पाण्याचा. कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला तेव्हा जुलै २०१४ मध्ये राज्याने नियम केला की तोंडाशी बंद करता येणारी चाप नसेल तर नळीने गाडी धुवायची नाही. दंड दिवसाला ५०० डॉलरपर्यंत. मार्च २०२४ मध्ये बंगळूरमध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यास बंदी आली, दंड ५,००० रुपये. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. गाड्या निसर्गरम्य ठिकाणी जाणार. आणि सह्याद्रीतल्या अनेक निसर्गरम्य गावांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे एस. टी.एवढी गाडी कोण धुणार? वाहनतळावरचा गावातलाच पोरगा, त्याच्या आईने डोक्यावरून आणलेल्या पाण्याने?

माझी सूचना साधी आहे. गाडी भाड्याने घेणाऱ्याने परत करताना ती स्वतः धुऊन द्यावी; नळी नको, मोजून दोन बादल्या आणि फडके. मैत्रीण म्हणते, अशी अट घातली तर कोणी गाडी घेणारच नाही. न घेईनात.