‘टेन्शन घेऊ नका’ म्हणण्याआधी

जेवण झालं की छातीखाली जळतं, चार घासांतच पोट गच्च होतं. दुर्बिणीतून तपासलं तर व्रण नाही, गाठ नाही. मग बाईला उत्तर मिळतं, ‘टेन्शन घेऊ नका, वेळेवर जेवत जा.’ घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणारीला हे सांगणं किती सोपं! ती ॲसिडिटीची गोळी घेते आणि दुखणं अंगावर काढते.

पूर्वी जठराच्या व्रणालाही काळजीचा आजार म्हणत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. व्रणाच्या रुग्णांची त्या ठपक्यातून सुटका झाली, व्रण न दिसणाऱ्यांची नाही.

त्यांना हा जिवाणू मारून बरं वाटतं का? १९९८ साली एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. ग्लासगोत उपचार घेतलेल्यांपैकी २१ टक्के जणांचा त्रास वर्षभराने थांबलेला होता. ज्यांना नुसती ॲसिड कमी करणारी गोळी दिली, त्यांच्यात ७ टक्के. दुसऱ्या अभ्यासात म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. पुढे असे अनेक अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा साधारण चौदा-पंधरा जणांमागे एकाला गुण येतो असं निघालं. फार नाही. पण वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्या बाईला ही संधी नाकारायची कशासाठी?

मात्र आधी तपासणी. ती श्वासाची किंवा शौचाची असते, आणि डॉक्टरांना विचारून त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीच्या नेहमीच्या गोळ्या थांबवाव्या लागतात. जिवाणू सापडला तरच अँटिबायोटिक. अंदाजाने ती लिहून देण्याला आमचा विरोध आहे. मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे जिवाणू आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत. कोर्स बहुधा चौदा दिवसांचा. तोंड कडू होतं, मळमळतं, आणि त्यात घरचं काम काही सुटत नाही. तो पुरा व्हायचा तर त्या दोन आठवड्यांत घरातल्या इतरांनी चूल सांभाळायला हवी.

उपचारानंतरही त्रास राहिला, तर तो ‘मनाचा खेळ’ ठरत नाही; त्यावर दुसरी औषधं आहेत. वजन घटत असेल, शौच काळी होत असेल, रक्ताची उलटी झाली, गिळताना अडकत असेल तर मात्र थांबू नका, दुर्बिणीची तपासणी लगेच करून घ्या. आणि कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या रोज किती घेता, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. पोटातली जळजळ त्यांचीही असू शकते.