नागरिकत्व केंद्राचे, निवारा राज्याचा : राजस्थानातील पाक विस्थापितांचा पेच

जयपूर : पाकिस्तानातून राजस्थानात आलेल्या हिंदू कुटुंबांचा नागरिकत्वाचा मार्ग गेल्या दशकात टप्प्याटप्प्याने सुकर झाला, त्यांच्या पुनर्वसनाचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला आहे. 1 सप्टेंबर 2025 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेल्या आदेशाने ही तफावत पुन्हा अधोरेखित केली. धार्मिक छळामुळे किंवा त्याच्या भीतीने पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेशातून 31 डिसेंबर 2024 पर्यंत भारतात आलेल्या सहा अल्पसंख्याक समुदायांच्या व्यक्तींना, वैध कागदपत्रे नसली तरी, दंडात्मक कारवाईपासून त्यात सूट देण्यात आली. वास्तव्याला संरक्षण मिळाले. निवाऱ्याचे काय, हा या आदेशाचा विषय नव्हता.

सिंधमधून राजस्थानात होणारे हे स्थलांतर नवे नाही. 1965 आणि 1971 च्या युद्धांनंतर थारपारकर भागातून अनेक कुटुंबे सीमा ओलांडून आली. 2006 ते 2019 या काळात जोधपूर व कराची यांना जोडणाऱ्या थार एक्स्प्रेसनेही असंख्य कुटुंबे आली. त्यांतील बहुतेकांकडे पारपत्र होते, व्हिसाही होता. परंतु व्हिसाची मुदत संपल्यावर मागे राहणारी व्यक्तीही 2003 च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या व्याख्येत ‘अवैध स्थलांतरित’ ठरते. दीर्घ मुदतीचा व्हिसा हाच अशा कुटुंबांचा आधार असतो.

23 डिसेंबर 2016 च्या अधिसूचनेने देशातील 16 जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. त्यांत राजस्थानातील जयपूर, जोधपूर व जैसलमेर यांच्याबरोबर महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे व नागपूर हे जिल्हेही होते. पुढे 2019 च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम 11 मार्च 2024 रोजी लागू झाले. तथापि, त्या कायद्याचा लाभ 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांपुरताच आहे. त्यानंतर आलेल्यांना भारतीय वंशाच्या आधारे नोंदणी करायची असल्यास सात वर्षांच्या, तर देशीयकरणाच्या मार्गाने साधारण बारा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे.

खरी अडचण या मधल्या वर्षांची आहे. स्थलांतरित व विस्थापितांच्या मदतीसाठी केंद्राने मार्च 2022 मध्ये एकछत्री योजनेला 2021-22 ते 2025-26 या कालावधीसाठी मुदतवाढ दिली आणि 1,452 कोटी रुपयांची तरतूद केली. पाकव्याप्त काश्मीर व छांब येथील विस्थापित, श्रीलंकेतील तमिळ निर्वासित, त्रिपुरातील ब्रू, तिबेटी वसाहती आदी घटकांचा तिच्या सात उपयोजनांत समावेश होता. राजस्थानातील पाक विस्थापितांसाठी त्यांत स्वतंत्र उपयोजना नव्हती. नागरिकत्व हा केंद्राचा विषय, जमीन राज्याची आणि पाणी-रस्ते स्थानिक संस्थांचे, अशा विभागणीत निर्णय एकाचा व भार दुसऱ्यावर, अशी स्थिती निर्माण होते.

महाराष्ट्राला याउलट अनुभव आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी कल्याणजवळची लष्करी छावणी उपलब्ध झाली आणि तेथे 1949 मध्ये उल्हासनगर आकाराला आले. त्या वेळी केंद्रात पुनर्वसनाचे स्वतंत्र मंत्रालय होते. कागद आणि छप्पर यांची जबाबदारी एकाच ठिकाणी होती.

राजस्थानात प्रयत्न झाले, पण ते तुकड्या-तुकड्यांनी. जयपूर विकास प्राधिकरणाने 2019 च्या अखेरीस सुमारे शंभर पाक विस्थापितांना सवलतीच्या दराने भूखंड दिले. मे 2023 मध्ये जैसलमेरजवळील अमरसागर येथे मात्र सरकारी जमिनीवरील विस्थापितांची घरे अतिक्रमण म्हणून पाडण्यात आली. या कारवाईवर टीका झाल्यानंतर प्रशासनाने मूलसागर येथे 40 बिघे जमीन निश्चित केली. जमीन आधी आणि कारवाई नंतर, असा क्रम राहिला असता तर भर उन्हाळ्यात कुटुंबे उघड्यावर आली नसती.

याच राज्याच्या धोरणाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागेल. मे 2025 मध्ये राजस्थान पोलिसांनी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून अनेकांना ताब्यात घेतले आणि पहिल्या तुकडीला जोधपूरहून विमानाने सीमेकडे रवाना केले. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे कोणाला आश्रय आणि कोणाची पाठवणी, हे कार्यकारी आदेशांवरून ठरते. 2019 च्या कायद्यातील धर्माच्या निकषाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, ते याच कारणाने.

तो वाद बाजूला ठेवला, तरी ज्यांना राहू देण्याचा निर्णय सरकारनेच घेतला आहे, त्यांच्याबाबत संदिग्धतेला जागा उरत नाही. व्हिसा नोंदवताच पाणी, शाळा, शिधा व तात्पुरत्या निवाऱ्यासाठी राज्याला केंद्राकडून ठरावीक निधी मिळाला, तर जिल्हाधिकाऱ्यांना प्रत्येक वेळी नव्याने मार्ग शोधावा लागणार नाही. नागरिकत्वाची तारीख कायदा ठरवतो. तोपर्यंतची वर्षे कशी जातील, हे अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून आहे.